केन्झाबुरो ओए आणि हिकारी: बापाच्या कादंबऱ्यांमागची पार्श्वभूमी

जपानी लेखक केन्झाबुरो ओए म्हटलं की लोकांना नोबेल (१९९४) आणि हिरोशिमा आठवतं, पण १९६४ नंतरच्या त्यांच्या कितीतरी पुस्तकांत मेंदूला इजा झालेला एक मुलगा सारखा दिसत राहतो. तो कुठून आला हे माहीत असेल तर ती पुस्तकं अगदी वेगळी वाचली जातात, म्हणून हे लिहितेय.

जून १९६३ मध्ये ओएंना पहिला मुलगा झाला, हिकारी. ओए तेव्हा २८ वर्षांचे, अकुतागावा हा जपानचा मानाचा साहित्य पुरस्कार मिळून नाव झालेलं. बाळाच्या कवटीला मागच्या बाजूला मोठा गोळा होता, ब्रेन हर्निया, म्हणजे मेंदूचा भाग कवटीतून बाहेर आलेला. ऑपरेशन केलं नाही तर मूल जाणार, केलं तर वाचेल पण मेंदूची इजा जन्मभर राहणार. आज बसून आपल्याला उत्तर सोपं वाटतं, पण तेव्हाच्या जपानमध्ये १९४८ पासून असा एक सुप्रजननाचा कायदा होता की ज्याखाली अपंग आणि मनोरुग्ण माणसांची जबरदस्तीनेही नसबंदी व्हायची, तो १९९६ पर्यंत चालला आणि एकूण सुमारे २५ हजार लोकांच्या शस्त्रक्रिया झाल्या. म्हणजे असं मूल जगवायचंच कशाला, हा विचार एखाद्या कठोर डॉक्टरचा नव्हता, सगळ्या हवेतच होता.

त्या ऑगस्टमध्ये बाळ हॉस्पिटलात असताना ओए अणुबॉम्बविरोधी परिषदेवर लिहायला हिरोशिमाला गेले. तिथे रेडक्रॉस हॉस्पिटलचे प्रमुख डॉ. फुमिओ शिगेतो भेटले, जे स्वतः बॉम्बच्या तडाख्यातून वाचलेले. किरणोत्साराने होणारा आजार नेमका काय, त्यावर औषध काय, कोणालाच ठाऊक नसताना या माणसाने समोर येईल त्या पेशंटवर उपचार सुरू ठेवले होते. उपाय माहीत नसला तरी समोरच्याला सोडायचं नाही, हे ओएंनी तिथे बघितलं, आणि परत आल्यावर ऑपरेशनला होकार दिला. हिरोशिमावरचे लेख १९६५ मध्ये पुस्तक म्हणून आले.

पण त्याच्या आधी, १९६४ मध्ये, त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या आणि माझ्या मते सगळं मर्म तिथेच आहे. 'अ पर्सनल मॅटर' या कादंबरीतला बाप बर्ड दारू पितो, आफ्रिकेचे नकाशे बघत पळून जायची स्वप्नं रंगवतो, बाळाला दुधाऐवजी साखरपाणी द्यायला तयार होतो म्हणजे ते आपोआप जाईल, आणि शेवटी कसाबसा परत फिरतो. 'आगुई' या कथेतला बाप मात्र फिरत नाही, मूल मरू देतो, आणि मग ते मूल प्रचंड मोठं होऊन आकाशातून त्याच्याकडे येत राहतं. जपानीत स्वतःचं आयुष्य उघडं करून लिहायची जुनी परंपरा आहेच, पण आपण जे केलं ते आणि आपल्या हातून जे होऊ शकलं असतं ते, दोन्ही एकाच वर्षात छापायला फार धैर्य लागतं. मूल किती शूर, आईबाप किती थोर असलं काही त्यात नाही. बापाची लाज आहे.

हिकारी वाचला. फिट्स, अधू नजर, बोलणं अगदी कमी. माणसांच्या आवाजाकडे लक्ष नसायचं पण पक्ष्यांच्या आवाजाकडे असायचं, म्हणून घरी पक्ष्यांच्या आवाजाची रेकॉर्ड लावायचे, ज्यात आधी आवाज आणि मग निवेदक पक्ष्याचं नाव सांगायचा. सहाएक वर्षांचा असताना एकदा डोंगरातल्या घराजवळ एक पक्षी ओरडला आणि हा त्या निवेदकासारखाच बोलला, हा कुइना (एक पाणपक्षी) आहे. पुढे पियानो, मग स्वतःच्या रचना, आणि १९९२ मध्ये पहिली सीडी, जी भरपूर खपली. स्टॉकहोमच्या नोबेल भाषणात ओए या संगीताबद्दल बोलले आणि त्यात आपल्याला रडणाऱ्या, काळोख्या आत्म्याचा आवाज ऐकू येतो असंही म्हणाले. हिकारीला आता स्वतःचा आवाज सापडलाय, मग आपण कादंबऱ्या थांबवायच्या असं त्यांनी तेव्हा जाहीरही केलं होतं.

मुलाला न विचारता त्याचं आयुष्य लिहायचं का, हा प्रश्न इथे येतोच आणि तो टाळू नये. स्वतःबद्दल फारसं बोलू न शकणाऱ्या मुलाच्या वतीने बोलणं हे प्रेमही असतं आणि त्याच्यावर हक्क सांगणंही असतं. १९९० च्या 'अ क्वाएट लाइफ' मध्ये ओएंनी निवेदन त्या मुलाच्या बहिणीकडे दिलं आणि लेखक बापाला चक्क परदेशी पाठवून दिलं, तेव्हा हे त्यांच्याही मनात असणार असं मला तरी वाटतं.

कादंबऱ्या काही कायमच्या थांबल्या नाहीत, १९९९ पासून पुन्हा सुरू झाल्या. २००९ च्या 'डेथ बाय वॉटर' मध्ये म्हातारा लेखक बाप, जपून ठेवलेल्या स्वरलिपीवर पेनने खुणा केल्या म्हणून चिडून मुलाला मूर्ख म्हणतो, आणि मुलगा त्याच्यापासून तुटतो. ओए तेव्हा ७४ वर्षांचे होते आणि अजूनही चूक बापाच्याच पदरात टाकत होते.