फाईलमध्ये ओळ नावाचं काही नसतंच

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा फोन, सभासदांच्या यादीत जोशींचं गाव चुकलंय, पुणेच्या जागी सांगली कर, एकच ओळ आहे, तुझ्या त्या पायथॉनने (ही प्रोग्राम लिहायची भाषा) दोन सेकंदात होईल. होईल हो काका, पण "एकच ओळ बदलायची" हा प्रकारच मुळात अस्तित्वात नाही!

डिस्कवर ओळी नसतात. असते बाइटची लांबलचक रांग, आणि बाइट म्हणजे 0 ते 255 मधला एक आकडा. ओळ जिथे संपते तिथे 10 हा आकडा पेरलेला असतो, तो दिसला की एडिटर खाली उतरतो, म्हणून आपल्याला ओळी दिसतात. (विंडोजवाले 13 आणि 10 असे दोन ठेवतात, ती टेलिप्रिंटरची आठवण, 13 ने छपाई परत डाव्या कडेला यायची आणि 10 ने कागद वर सरकायचा.)

आता खरी गंमत. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये मांडायची आजची सर्रास पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजायचे. म्हणजे पुणे 12 बाइट आणि सांगली 18. पंगत बसलीय, पानं वाढून झालीत आणि मध्येच सहा पाहुणे घुसवायचेत, तर पुढच्या सगळ्यांना उठून सरकावं लागणार. फाईलमधे "सरका जरा" म्हणणारा कोणी नसतो, तुम्ही लिहिलं की ते आधीच्याच्या उरावर बसतं. आमच्या यादीत जोशींच्या खालची ओळ कदमांची. पुणेच्या जागेवर थेट सांगली लिहिलं तर पुणेचे 12 गेले, ओळ संपवणारा 10 गेला, वर 'क'चे तीन आणि 'द'चे दोन बाइट गेले. उरलं ते असं दिसतं:

जोशी,सांगली�म,सातारा

दोन सभासदांचा एक झाला आणि 'द'चा अनाथ बाइट प्रश्नचिन्ह होऊन बसला.

म्हणून बरेच शहाणे प्रोग्राम एकच करतात, जुनी फाईल ओळ-ओळ वाचायची, शेजारी नवी फाईल लिहीत जायचं, जोशी आले की तेवढी ओळ बदलून लिहायची, बाकीच्या जशाच्या तशा. 1970 च्या दशकात बेल लॅब्समध्ये ली मॅकमॅहनने बनवलेलं सेड (मजकूर ओळ-ओळ बदलणारा प्रोग्राम) हेच करतं, आणि आजच्या लिनक्सवर (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) त्याला "जागच्या जागी बदल" म्हणून सांगितलं तरी ते गुपचूप नवी फाईलच बनवतं. शेवटी नव्या फाईलला जुनीचं नाव द्यायचं. लिनक्समध्ये नाव म्हणजे नुसती चिठ्ठी असते, खरा माल आयनोड नावाच्या नोंदीमागे असतो, नाव बदलताना चिठ्ठी एका झटक्यात नव्या आयनोडवर जाते, त्यामुळे त्याच क्षणी कोणी फाईल उघडली तर त्याला अख्खी जुनी मिळेल किंवा अख्खी नवी, अर्धवट नाही, आणि ज्याने आधीच उघडून ठेवलीय तो निवांत जुनीच वाचत राहतो. (लाईट जायची भीती असेल तर नाव बदलायच्या आधी एफसिंक नावाची आज्ञा देऊन डेटा खरोखर डिस्कवर उतरवून घ्यायचा, तो वेगळाच विषय आहे.)

मी शिकत असताना हे टाळून शॉर्टकट मारला होता, फाईल आधी लिहिण्यासाठी उघडली आणि मग वाचायला गेलो. पायथॉनमध्ये 'डब्ल्यू' म्हणजे लिहिण्याच्या मोडने फाईल उघडली की त्याच क्षणी ती रिकामी होते, एक अक्षरही न लिहिता. शून्य बाइट. तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. आता लोक म्हणतात एआयला सांगा, तो कोड देतो, देतो ना, पण तो 'डब्ल्यू' कुठे आलाय ते तुम्हालाच बघावं लागतं. आणि दसऱ्याला लॅपटॉपला झेंडूचा हार घालणारे आम्ही, बॅकअप मात्र घेत नाही.

असो. जोशी सांगलीला गेले, फाईल 6 बाइटनी वाढली. काल परत फोन, कदमांचं सातारा नको, कराड कर. सातारा 18, कराड 12. फाईल पुन्हा होती तेवढीच झाली.