नवापूरच्या फलाटावरची पाचवी भाषा

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नवापूर स्टेशन लागतं. महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द या स्टेशनाच्या मधूनच जाते. फलाटावर एक बाक आहे, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. लोक हौसेने त्यावर बसून फोटो काढतात. गाडीची घोषणा चार भाषांत होते: मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी. पण गाठोडं डोक्यावर घेऊन, पोराला कडेवर बसवून उच्छल-सोनगडकडे निघालेल्या बायांच्या गप्पा ऐका. या चारांतली एकही भाषा तिथे चाललेली नसते. त्या मावची बोलत असतात.

हद्दीच्या अलीकडे या लोकांना मावची किंवा गावित म्हणतात, पलीकडे तापी जिल्ह्यात गामीत. नाती दोन्हीकडे, सोयरीक दोन्हीकडे, बोलणंही जवळपास तेच. नंदुरबार जिल्हा समजून घ्यायचा तर मी नेहमी या फलाटापासून सुरुवात करतो, कारण नकाशावरच्या रेघा आणि माणसांचं जगणं यांतलं अंतर इतकं उघड क्वचितच दिसतं.

जिल्हा म्हणून नंदुरबार तरुण आहे. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून तो वेगळा झाला. त्याच्याही आधी हा सगळा मुलूख पश्चिम खानदेशचा भाग होता. 2011च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 16 लाख 48 हजारांच्या घरात होती. दर 100 माणसांमागे 69 अनुसूचित जमातींची आणि 83 खेड्यांत राहणारी. साक्षरता 64 टक्के, राज्यात सर्वांत कमी. हे आकडे खरेच आहेत, पण त्यांवरून जिल्हा म्हणजे एकसारखं माळरान असावं असं वाटतं, आणि तसं मुळीच नाही.

दक्षिणेकडे तापीचं खोरं: काळी, खोल जमीन, ऊस, केळी, पपई, कापूस. उत्तरेकडे सातपुडा उभा राहतो, आणि त्याच्या पलीकडच्या उतारावर नर्मदा. शहाद्याहून तोरणमाळकडे किंवा तळोद्याहून धडगावकडे घाट चढायला लागलं की तासाभरात माती बदलते, घरं बदलतात, ताटातलं धान्य बदलतं आणि भाषाही बदलते. सपाटीवर अहिराणी आणि गुजर समाजाची गुजरी. पायथ्याशी आणि अक्कलकुव्याकडे वसावी, देहवाली. वर अक्राणीत, म्हणजे धडगाव तालुक्यात, पावरी आणि नोयरी. नवापुरात मावची आणि कोकणी (ही गोव्याची कोकणी नव्हे, कोकणा जमातीची). बाजारात मराठी, हिंदी, गुजराती. बाजाराला आलेली बाई दिवसभरात तीन भाषा सहज वापरते, आणि ती आपल्याला बहुभाषिक वगैरे समजत नाही.

या बोली एकमेकींपासून कुठे तुटतात? भाषाशास्त्राचं उत्तर असं, की पुष्कळदा तुटतच नाहीत. शेजारच्या दोन गावांना एकमेकांचं बोलणं कळतं, पुढच्या गावाचं थोडं कमी कळतं, आणि साखळीच्या दोन टोकांची माणसं समोरासमोर आली तर तिसरीच भाषा शोधावी लागते. याला बोलींची साखळी म्हणतात. ती मोजायची साधी पद्धत आहे. पाणी, हात, आई, आग असे रोजचे दोनेकशे शब्द गावोगाव विचारायचे आणि किती जुळतात ते पाहायचं. त्याहून चांगली कसोटी म्हणजे एका गावच्या माणसाने सांगितलेली गोष्ट ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या गावात ऐकवायची आणि त्यावर प्रश्न विचारायचे. शब्द जुळूनही गोष्ट कळत नाही असं होतं, आणि शब्द वेगळे असूनही कळते असंही होतं.

अहिराणीचंच घ्या. 'मला' ऐवजी 'माले', 'तुझा' ऐवजी 'तुना', 'आला' ऐवजी 'वना'. रामाचा मुलगा म्हणजे 'रामना आंडोर'. हा 'ना' मराठीच्या 'चा'पेक्षा गुजरातीच्या 'नो'च्या जवळ बसतो, आणि 'माले' ऐकून विदर्भातल्या माणसाला आपलं 'मले' आठवतं. मग अहिराणी कुणाची? जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारताच्या भाषिक सर्वेक्षणात, 1907 साली निघालेल्या खंडात, खानदेशीला भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं. त्यावरून आजही वाद होतात. मला या वादापेक्षा ती साखळी महत्त्वाची वाटते. दोन मोठ्या भाषांच्या मधला हा पट्टा म्हणजे कुणाची तरी अशुद्ध आवृत्ती नव्हे, त्याचं स्वतःचं व्याकरण आहे.

आता जनगणनेकडे वळू. 2011 साली लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावं सांगितली ती देशभरात 19,569 भरली. छाननी करून त्यांच्या 1,369 मातृभाषा ठरवल्या गेल्या आणि 10,000हून जास्त भाषक असलेल्यांची पुढे 121 भाषांत वाटणी झाली. या चाळणीत पावरी, मावची, वसावी, गामीत यांची नावं तपशिलाच्या तक्त्यात उरली, पण मोठ्या तक्त्यात सगळ्या एकाच शीर्षकाखाली गेल्या: भिली/भिलोडी. देशभर मिळून या शीर्षकाखाली 1 कोटी 4 लाख माणसं आहेत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेरच्या भाषांमध्ये एवढा मोठा आकडा दुसऱ्या कुठल्याही भाषेचा नाही. तरी तो 'एका भाषेचा' आकडा नाही. राजस्थानातली वागडी बोलणारा आणि धडगावची पावरी बोलणारी त्यात शेजारी-शेजारी बसले आहेत.

भाषेचा हा पट उलगडला की पोटापाण्याचा पटही त्याच उतारावर दिसायला लागतो. नंदुरबार शहराजवळ हिवाळ्यात गेलात तर मोकळ्या मैदानांवर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतील, डोळ्यांत मावणार नाहीत एवढ्या. ओल्या लाल मिरचीच्या वजनात साधारण तीन-चतुर्थांश पाणी असतं. ते 10 टक्क्यांच्या आसपास आलं की मिरची टिकते, त्याहून जास्त राहिलं की बुरशी धरते, आणि काही बुरश्या अफ्लाटॉक्सिनसारखं विष तयार करतात. म्हणून पथारीवर अवकाळी पाऊस पडला की माल नुसता भिजत नाही, बाजारातून उतरतो. फार दिवस ऊन लागलं तर लाल रंग देणारं द्रव्य विटतं. व्यापारी मूठभर मिरची हातात घेऊन, हलवून, तिचा खुळखुळ आवाज ऐकून ओल ओळखतो.

पथारीवर देठ खुडायला बायका बसलेल्या असतात. तिखटपणा बियांत असतो असा समज आहे, पण कॅप्सेसिन तयार होतं ते बी धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गरात. ते आपल्या अंगातल्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतं, म्हणून हाताला प्रत्यक्ष काही भाजलेलं नसताना आग आग होते. दिवसभर देठ खुडलेल्या बोटांची आग रात्री भाकरी थापतानाही जात नाही. आपल्या फोडणीतल्या लाल रंगामागे ती बोटं आहेत.

डोंगरावर पैसा वेगळ्या वाटेने येतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. ती गोड, रसाळ असतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात, म्हणून घरची पोरंसुद्धा अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. त्यानंतर कैऱ्या येतात. त्या सोलून, फोडी करून उन्हात वाळवल्या की आमचूर. मोलगी आणि धडगावच्या बाजारातून तो बाहेर जातो. उपासाला आपण जी भगर खातो, तीही अशाच उतारांवरच्या हलक्या जमिनीतून येते. तीव्र उतारावर, कमी मातीत, खताशिवाय उभी राहणारी ही भरड धान्यं डोंगराची विमा पॉलिसी होती. त्यांची पेरणी कमी झाली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण मोह, आमचूर आणि भगर यांवर वर्ष निघत नाही. दिवाळी झाली की ट्रक भरतात आणि माणसं दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात, बारडोली, सुरत, नवसारीकडे. तिथे मजूर 'माणूस' म्हणून मोजला जात नाही, 'कोयता' म्हणून मोजला जातो. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुधा नवरा-बायको. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते. शेताजवळच्या मोकळ्या जागेत पडाव पडतो. पोरं सोबतच असतात.

या पोरांचं वर्ष भाषेच्या अंगाने पाहा. घरी पावरी, शाळेत मराठी, आणि दिवाळीनंतर चार-पाच महिने गुजराती कानावर. पहिलीतल्या मुलाला 'वाचता येत नाही' असा शेरा मिळतो, तेव्हा बऱ्याचदा त्याला अक्षरं जड जात नसतात, त्या अक्षरांतून बनणारा शब्दच त्याने कधी ऐकलेला नसतो. वाचणं हे कौशल्य मूल एकदाच शिकतं. घरच्या भाषेत ते बसलं की दुसऱ्या भाषेत नेता येतं. नर्मदाकाठी सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली 33 गावं आली. त्याच खोऱ्यात नर्मदा बचाव आंदोलनाने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाणला जीवनशाळा सुरू केल्या आणि मुलांशी त्यांच्या बोलीत बोलायला सुरुवात केली. हे जमू शकतं याचा दाखला जिल्ह्यातच आहे.

एका शब्दाचं वजन किती असतं याचा दाखला त्याहून जुना आहे. 1937-38मध्ये तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी आदिवासींमध्ये चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, आणि एकमेकांना 'आप की जय' म्हणून नमस्कार करा. ज्यांना सारा गाव अरे-तुरे करत होता त्यांनी एकमेकांसाठी 'आप' हा आदराचा शब्द उचलला आणि चळवळीचं नावच 'आप' पडलं.

जनगणनेची एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. 2011ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. नियम असा, की त्या पूर्ण काळात जो घरी नसेल त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजायचं. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. म्हणजे नंदुरबारच्या 16 लाख 48 हजारांत पडावावरची कितीतरी माणसं नाहीत, ती गुजरातच्या आकड्यांत आहेत. येत्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे, आणि तेव्हाही होळीसाठी गावी परतायला काही आठवडे बाकी असतील. बारडोलीच्या एखाद्या शेताकडेला प्रगणक नवापूरच्या बाईला मातृभाषा विचारेल. ती 'मावची' म्हणेल. प्रगणक तिथलाच असेल, तर त्याच्या ओळखीचा शब्द 'गामीत' असेल. दोघांतला कुठला शब्द नोंदीत उतरतो, ते त्या घटकेला तिथे उभ्या असलेल्या दोन माणसांवर राहील.