अफूच्या मुलखात मॉर्फीनची चणचण

मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच पट्ट्यात दुपारी अफूच्या डोड्यांना चिरा देतात, रात्रभर चीक पाझरतो आणि सकाळी तो खरवडून घेतात. कोणाला किती आरी (एक आरी म्हणजे शंभर चौरस मीटर) लागवडीचा पट्टा, म्हणजे परवाना, द्यायचा आणि त्याने सरकारला किती माल घालायचा, हे सरकार ठरवते. देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे आणि अफूवर प्रक्रिया करणारा एक सरकारी कारखाना खुद्द नीमचला. याच चिकातून मॉर्फीन हे तीव्र वेदना शमवणारे औषध निघते. झाबुआ-आलीराजपूरकडच्या कॅन्सरच्या रुग्णाला मात्र मॉर्फीनच्या गोळ्यांसाठी बहुधा इंदूर गाठावे लागते.

होळकरशाहीतला अफूचा व्यापार इंदूरकरांना नव्याने सांगायला नको. माळव्याचा माल मुंबईमार्गे चीनला जाई, इंग्रज माल नेण्याच्या पासाची फी वसूल करीत, सराफ्यातले शेठ सट्टा खेळत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते सगळे आटोपले. आजच्या चणचणीचे मूळ तिथे नाही, ते १९८५ च्या कायद्यात आहे.

अमली पदार्थविरोधी विधेयक त्या वर्षी ऑगस्टमध्ये संसदेत आले, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि १४ नोव्हेंबरला कायदा लागूही झाला. इतका दूरगामी कायदा इतक्या घाईत! बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवली. तस्करी रोखणे गरजेचे होते, हे कायद्याच्या समर्थकांचे म्हणणे खोटे नाही. औषधी वापराला तर कायद्यातच मुभा होती. पण ती राबवायची कशी, हे राज्यांवर सोडले आणि गाडे तिथेच अडले. मॉर्फीन ठेवायचा परवाना वेगळा, परराज्यातून आणायचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा. असे चार-पाच कागद आबकारी आणि औषध खात्यांकडून एकाच वेळी चालू स्थितीत मिळवायचे. एकाची मुदत संपली की बाकीचे हातात असून नसल्यासारखे. रजिस्टरमधला हिशेब चुकला तर पोलिसांचे झेंगट मागे लागेल, या धास्तीने हॉस्पिटलांनी गोळ्या ठेवणेच सोडले. १९८५ च्या सुमारास देशात वर्षाला सहाशे किलोच्या आसपास मॉर्फीन लागत असे. १९९७ मध्ये हा आकडा १८ किलोवर आला. डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने हे औषध कधी लिहूनच दिले नाही. कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी तोंडाने मॉर्फीन द्या, असे जागतिक पातळीवरचे मार्गदर्शन १९८६ मध्ये आले होते. म्हणजे जग सैल होत असताना आपण आवळत गेलो.

१९९८ मध्ये केंद्राने राज्यांना नियम सोपे करायला सांगितले. काहींनी केले, काहींनी फाइल सरकवली. केरळात १९९३ पासूनच घरोघरी जाऊन वेदनाशमन करणारी चळवळ उभी राहत होती, त्यामुळे तिथला रुग्ण आणि आपल्याकडचा रुग्ण यांच्यात दरी पडत गेली. दुखणे एकच, पण उपाय मिळणे न मिळणे राज्याच्या सीमेवर ठरू लागले.

२०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांचे नियम देशभर एकसारखे केले. २०१५ पासून राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. मात्र ती संस्थेने स्वतः मागायची असते आणि त्यासाठी वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर पदरी हवा. ही अट कागदावर रास्त वाटते. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलला ती जड नाही. जिथे साधी डॉक्टरची जागाही भरत नाही, तिथे ती आडवी येते. शिवाय अर्ज करण्याची सक्ती कोणावरच नाही.

त्यात पैशाचा प्रश्न आहेच. मॉर्फीनची साधी गोळी स्वस्त, दर चार तासांनी घ्यायची, आणि विकणाऱ्याला तिच्यात फारसे सुटत नाही. फेंटानिलचा कातडीवर चिकटवायचा पॅच तीन दिवस पुरतो, पण महाग पडतो. ज्याची ऐपत आहे त्याला पॅच परवडतो. बाकीच्यांचे नातेवाईक गोळ्यांसाठी पुन्हा इंदूरची बस धरतात.