लहान कीबोर्ड घेण्यापूर्वी : मराठी-हिंदी टंकलेखन करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इंदूरमधील आमच्या दुकानात लहान कीबोर्डांची चौकशी करणारे बरेच ग्राहक मोबाइलवरचे एखादे छायाचित्र दाखवतात आणि अगदी तसाच कीबोर्ड हवा, असे सांगतात. आवड ज्याची त्याची असते आणि तिचा मान राखूनच आम्ही माल दाखवतो. तथापि ज्यांचे रोजचे लेखन देवनागरीत होते, त्यांच्या बाबतीत काही गोष्टी इंग्रजी लिहिणाऱ्यांपेक्षा वेगळ्या ठरतात आणि त्या खोक्यावर छापलेल्या नसतात, म्हणून हे पत्रक.

नेहमीच्या मोठ्या कीबोर्डावर १०४ कळा असतात आणि त्याची लांबी सुमारे ४४ सेंटिमीटर भरते. उजवीकडचा नंबर पॅड काढला की ८७ कळा उरतात आणि लांबी ३६ सेंटिमीटरच्या आसपास येते. ‘७५ टक्के’ या प्रकारात कळांच्या सर्व ओळी राहतात, पण मधल्या मोकळ्या जागा जातात. ‘६५ टक्के’ प्रकारात वरची एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह ही ओळ जाते. आणि ६१ कळांच्या ‘६० टक्के’ प्रकारात बाणांच्या कळाही वेगळ्या नसतात, त्या एफएन (Fn) ही दुसरे काम करून देणारी कळ धरून वापराव्या लागतात. अक्षरांच्या कळांमधील अंतर मात्र या सर्व प्रकारांत साधारण १९ मिलिमीटरच असते, त्यामुळे बोटांना अडचण होईल ही भीती बाळगू नये. लहान कीबोर्डाचा खरा लाभ असा की माउस जवळ येतो आणि दिवसभर उजवा हात बाहेर ताणून ठेवावा लागत नाही. ज्यांचा उजवा खांदा दुखतो, त्यांना आम्ही हा बदल मनापासून सुचवतो.

सियागंज या घाऊक बाजारातील पेढ्यांवर किंवा कर सल्लागारांकडे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे पेमेंटसाठी एफ-फाइव्ह, विक्रीसाठी एफ-एट, खरेदीसाठी एफ-नाइन या कळा सतत लागतात आणि आकडे तर नंबर पॅडवरच भरभर पडतात. कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या देवनागरी फाँटमध्ये पत्रिका व जाहिराती जुळवणाऱ्यांनाही नंबर पॅड सोडता येत नाही, कारण त्या फाँटमधील काही जोडाक्षरे ऑल्ट कळ दाबून नंबर पॅडवर आकडे टाइप केल्यावरच उमटतात.

इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कळरचनेने लिहिणाऱ्यांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते उजव्या शिफ्ट कळेकडे. इनस्क्रिप्टमध्ये स्वर व त्यांच्या मात्रा डाव्या हाताखाली असतात. मात्रा साध्या दाबाने येते आणि अ, आ, इ, ई, उ, ए, ओ हे पूर्ण स्वर शिफ्टने येतात. डावा हात स्वराच्या कळेवर असल्यामुळे शिफ्ट उजव्या करंगळीनेच धरावी लागते. ‘आपण’, ‘आणि’, ‘आहे’, ‘एक’, ‘इंदूर’ अशा प्रत्येक शब्दाच्या आरंभी ही करंगळी खाली जाते. इंग्रजीत मोठे अक्षर वाक्यारंभी आणि नावांपुरतेच येते. मराठीत हे जवळजवळ प्रत्येक ओळीत घडते. मोठ्या कीबोर्डावर ही कळ साध्या कळेच्या पावणेतीन पट रुंद असते. ६५ आणि ७५ टक्क्यांच्या पुष्कळ कीबोर्डांवर वर जाणाऱ्या बाणाला जागा देण्यासाठी ती पावणेदोन पट केलेली असते आणि काही नमुन्यांत तर एका साध्या कळेएवढीच उरते. अशा वेळी करंगळी जरा सरकली की शिफ्टऐवजी बाण दाबला जातो आणि कर्सर वरच्या ओळीत जाऊन तिथे मात्रा उमटते. उजव्या शिफ्टला लागूनच असलेल्या कळेवर ‘य’ आहे, त्यामुळे ती कळही जागेवरून हललेली नसावी. याउलट, ६० टक्क्यांच्या कीबोर्डावर ‘१’ या आकड्याच्या डावीकडील कळ बहुधा एस्केपला दिलेली असते, परंतु इनस्क्रिप्टमध्ये त्या जागी मराठीला न लागणारा ऱ्हस्व ‘ऒ’ असल्यामुळे तेथे आपले काहीच जात नाही.

हॅपी हॅकिंग कीबोर्ड हा ६० टक्के प्रकारातील सर्वपरिचित कीबोर्ड. तो जपानच्या पीएफयू कंपनीने १९९६ साली प्राध्यापक एइइती वादा यांच्या कल्पनेवरून काढला, तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. त्यांच्या गरजा वेगळ्या, आपल्या वेगळ्या. म्हणून केवळ नावलौकिकावरून निवड करू नये.

कळांच्या दाबाविषयी आम्ही आग्रह धरत नाही. कळेखालचा लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी स्विच मध्यावर हलकेच जाणवतो आणि निळा स्विच खटका देऊन वाजतो. घरात कोणी शेजारी झोपत किंवा अभ्यास करत असेल तर निळा टाळावा, एवढेच.

मध्य प्रदेशातील सीपीसीटी या संगणक-प्रावीण्य परीक्षेसाठी हिंदी टंकलेखनाचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांनी परीक्षा होईपर्यंत मोठ्या कीबोर्डावरच हात बसवावा.

खरेदीपूर्वी आपले रोजचे एखादे पत्र किंवा मजकूर सोबत आणावा आणि आमच्या टेबलावर तो पूर्ण एक पान टाइप करून पाहावा. दोन ओळींत करंगळीची अडचण कळत नाही. मांडलेल्या सर्व कीबोर्डांवर इनस्क्रिप्ट सुरू केलेली आहे. जुन्या टाइपरायटरसारखी रेमिंग्टन पद्धत हवी असल्यास आल्याबरोबर सांगावे, म्हणजे ती लगेच लावून देता येईल.