हा माणूस पुन्हा गुन्हा करील का?

येरवडा मध्यवर्ती कारागृहातील एखाद्या शिक्षाबंद्याला खुल्या कारागृहात पाठवावे की नाही, हे ठरवताना सर्वांत कठीण प्रश्न असतो तो हा माणूस पुन्हा गुन्हा करील का, हा. त्याचे शास्त्रीय उत्तर शोधणे हे न्यायसहायक मानसशास्त्रज्ञाचे खरे काम आहे. खोटे पकडणे हेच त्याचे काम, असा समज मात्र पुण्यातही रुजलेला दिसतो. २००८ मध्ये येथील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत-आलेखन चाचणीचा, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींवरून आरोपीच्या मनात गुन्ह्याची आठवण आहे का हे ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचणीचा, निष्कर्ष ग्राह्य धरला होता. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशा चाचण्या करण्यास मनाई केली.

धोक्याचे मूल्यमापन करताना पहिल्या गुन्ह्याच्या वेळचे वय, पूर्वीच्या शिक्षा असे न बदलणारे घटक पाहिले जातात, तसेच व्यसन, संगत, बेकारी, रागावरील ताबा आणि ‘त्याची तीच लायकी होती’ अशी गुन्ह्याचे समर्थन करणारी विचारसरणी, असे बदलू शकणारे घटकही पाहिले जातात. बंदी स्वतःला चांगले दाखवणार हे गृहीत धरून त्याचे बोलणे न्यायालयीन कागदपत्रांशी आणि नातेवाइकांच्या माहितीशी ताडून पाहावे लागते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या, निर्दयपणा आणि पश्चात्तापाचा अभाव अशी लक्षणे (सायकोपथी) मोजणाऱ्या २० मुद्द्यांच्या, कमाल ४० गुणांच्या सूचीसारखी साधने येथे उपयोगी पडतात. पण केवळ एका आकड्यावरून माणसाचे भवितव्य ठरवणे मला सर्वथा अयोग्य वाटते, कारण हे आकडे समूहाबद्दल जितके सांगतात तितके एका व्यक्तीबद्दल सांगत नाहीत.

पुनर्वसनाची सुरुवात बदलू शकणाऱ्या घटकांपासून होते. १९९० मध्ये अँड्र्यूज, बोंटा आणि हॉज या कॅनडातील संशोधकांनी मांडलेल्या तत्त्वानुसार सर्वाधिक उपचार सर्वाधिक धोक्याच्या व्यक्तींना द्यावेत. कमी धोक्याच्या बंद्यावर सक्तीच्या कार्यक्रमांचा मारा केल्यास अपाय होऊ शकतो, कारण ज्या नोकरीने आणि घराने त्याला सावरलेले असते त्यांच्यापासून तो तुटतो आणि सराईतांच्या सहवासात येतो. उपचारात प्रसंग, मनात आलेला विचार आणि हातून घडलेली कृती ही साखळी उलगडून, ती कोठे तोडता येईल याचा सराव करून घेतात.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या प्रकरणांत आरोपीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन मागवण्याचे निर्देश दिल्यापासून या कामाचे वजन वाढले आहे. म्हणूनच मूल्यमापन करणारा आणि उपचार करणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात, आणि आपले बोलणे कोण वाचणार आहे, हे बंद्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले जावे.