ड्रायसूट म्हणजे जाड वेटसूट नव्हे

तारकर्लीला किंवा अंदमानात स्कूबा शिकलेल्या माणसाने स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो या थंड उपसागरात जायचं ठरवलं की पहिला प्रश्न हमखास येतो: "ड्रायसूट किती मिलिमीटरचा घेऊ?" अहो, प्रश्नच चुकलाय. मिलिमीटरमध्ये मोजतात ती वेटसूटची जाडी.

वेटसूट तुम्ही वापरलाय, त्यामुळे थोडक्यात. अंगाला घट्ट, आत थोडं पाणी. ऊब त्या पाण्याची असते असं सगळे सांगतात, पण खरं काम करतात ते निओप्रीनमध्ये, म्हणजे सूटच्या फोमसारख्या रबरात, कोंडलेले वायूचे बारीक बुडबुडे.

आता ऑर्कनी. 21 जून 1919 रोजी इथे स्कापा फ्लोमध्ये अडकवून ठेवलेलं जर्मन आरमार अ‍ॅडमिरल फॉन रॉयटरच्या हुकमावरून जर्मन खलाशांनी स्वतःच बुडवलं. 74 पैकी 52 जहाजं तळाला गेली. बरीचशी पुढे भंगारासाठी वर काढली, पण तीन युद्धनौका आणि चार क्रूझर अजून तिथेच आहेत. त्यातली 'क्योल्न' साधारण 36 मीटरवर उजव्या कुशीवर आडवी पडली आहे. पाणी भर उन्हाळ्यातही 13-14 अंशांच्या वर जायला कुरकुरतं.

36 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या साडेचार पटींहून जास्त. वेटसूटमधले बुडबुडे तिथे चेपून जातात. म्हणजे ऊब सगळ्यात जास्त हवी तिथेच सूट पातळ होतो.

ड्रायसूटचं गणित वेगळं. नेहमीचा तीन पदरी कापडाचा सूट स्वतः काहीच ऊब देत नाही, तो पाणी बाहेर ठेवणारा निव्वळ रेनकोट आहे. ऊब देते आतल्या जाड कपड्यांत अडकलेली हवा. (आत सुती टी-शर्ट घालणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. घाम शोषून तो डाइव्हभर ओलाच राहतो.) खाली जाताना ही हवाही आकसते आणि सूट अंगाला चिमटे काढू लागतो. मग छातीवरचं बटण दाबून आत हवा सोडायची, की कपडे पुन्हा फुलतात. वेटसूटमध्ये गेलेली जाडी परत आणता येत नाही, इथे येते.

घोळ होतो तो यापुढे. वेटसूटमधला वायू जागचा हलत नाही, ड्रायसूटमधला मोकळा असतो. तुमचा जो भाग वर, तिकडे तो पळणार. माझ्या सुरुवातीच्या एका डाइव्हला मी तळाशी काहीतरी बघायला डोकं खाली घातलं आणि हवा बुटांत जाऊन बसली. पायांना दोन उशा बांधल्यासारखं झालं आणि मी उलटा वर निघालो. जोडीदाराने फिन धरला म्हणून वाचलो. वर येताना तर तीच हवा फुगत जाते, आणि शेवटच्या दहा मीटरांत दुप्पट होते. म्हणून डाव्या दंडावरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, कोपर उचलायचं आणि फुसफुस ऐकत सावकाश यायचं. कोपर खाली, तर हवा आतच.

तरंगण्याचं सगळं काम सूटवरच भागवावं, असं शिकवणारे काही जण आहेत. मला ते मुळीच पटत नाही. तरंगायला हवा भरायचं जॅकेट आहे. सूटमध्ये चिमटे थांबतील आणि ऊब टिकेल एवढीच हवा, थेंबभरही जास्त नको.

मानेची सील लॅटेक्सची की निओप्रीनची, झिप पुढे की मागे, यावर वाद घालत बसू नका. जे मापाला बसेल ते घ्या.

आकडाच विचारायचा असेल तर बुडण्यासाठी अंगाला बांधायचं शिसं किती किलो लागेल ते विचारा. तारकर्लीत चार किलोवर बुडणारा माणूस इथे दहा किलो बांधूनही बोटीच्या शिडीपाशी बुचासारखा तरंगताना मी पाहिलाय.