मेहर

मेहर म्हणजे मुस्लिम विवाहात नवऱ्याने नवरीला द्यायची रक्कम, दागिना, जमीन किंवा मोल असलेली दुसरी कोणतीही वस्तू. निकाहाच्या वेळी ती ठरते. कधी तिथेच हातात दिली जाते, कधी पुढे द्यायची राहते, पण हक्क मात्र फक्त बायकोचा. तिच्या वडिलांचा, भावाचा किंवा सासरच्या कुणाचाही त्यावर अधिकार नसतो. अरबीत महर आणि सदाक अशी तिची नावे आहेत. पुण्यात मराठी आणि दखनी बोलणाऱ्या घरांत ‘मेहर’ हाच शब्द चालतो आणि लग्न ठरल्याचे कळले की नातेवाईक विचारतात, ‘मेहर किती बांधली?’

मराठी वाचकाला यावरून देज किंवा हुंडा आठवेल, म्हणून फरक आधीच सांगायला हवा. देज मुलीच्या बापाला मिळत असे, हुंडा मुलाच्या घरी जातो, मेहर थेट मुलीच्या हातात येते. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानेही दुसऱ्या कलमातच मेहरला हुंड्याच्या व्याख्येतून वगळले आहे. तरीही एकाच मांडवात दोन्ही गोष्टी घडताना दिसतात. मुलीकडून कपाट, पलंग, फ्रीज, गाडी असा जहेज येतो आणि मुलाकडून मेहर म्हणून काही शे रुपये लिहिले जातात. जहेज मागण्याला शरियतचा आधार नाही, मेहरला कुराणाची आज्ञा आहे. ज्याची आज्ञा आहे ते आकसले आणि ज्याला आधार नाही ते फुगले, ही या विषयातली सर्वांत दुखरी बाब आहे.

इस्लामपूर्व अरबस्तानात मुलीसाठी दिलेली रक्कम बहुधा तिच्या पालकाच्या खिशात जाई. कुराणाने ती मुलीकडे वळवली. चौथ्या सूऱ्यातील (अध्यायातील, अन-निसा) चौथी आयत, म्हणजे वचन, सांगते की स्त्रियांना त्यांची मेहर खुशीने द्या, आणि त्यातला काही भाग त्यांनी आपल्या मनाने सोडला तरच तो घ्या. ‘आपल्या मनाने’ ही अट पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावी लागते. त्याच सूऱ्याची विसावी आयत बजावते की बायकोला संपत्तीची रास दिली असली, तरी तिला सोडताना त्यातले काही परत घेऊ नका. दुसऱ्या सूऱ्यात आणखी एक नियम आहे: मेहर ठरली आणि सहवासाआधीच तलाक झाला, तर निम्मी मेहर द्यावी लागते. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, एका निर्धन माणसाची हकिकत येते. प्रेषितांनी त्याला निदान लोखंडाची अंगठी तरी शोधून आणायला सांगितले. तीही मिळाली नाही, तेव्हा त्याला येत असलेले कुराण हेच त्याच्या निकाहाचे मोल मानले गेले. म्हणजे गरिबाचे लग्न अडू नये, पण देणे मात्र खरे असावे.

पुण्यातला निकाह मशिदीत होवो, कॅम्पातल्या सभागृहात होवो की कोंढव्यातल्या लॉनवर, क्रम सारखाच. वकील (इथे नवरीचा प्रतिनिधी) आणि दोन गवाह, म्हणजे साक्षीदार, आधी आतल्या खोलीत नवरीकडे जातात आणि मेहरचा आकडा सांगून तिची इजाजत घेतात. मग काझी नवऱ्यासमोर बसतात. मुलीचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, वकील, गवाह, आणि मग ‘बऐवज मेहर’ (मेहरच्या बदल्यात) अमुक इतके रुपये ‘सिक्का राइजुलवक्त’ (चालू चलनात), असे म्हणून ते कबुली विचारतात. नवरा ‘कबूल’ म्हणतो, सह्या होतात, दुआ होते आणि छुहारे (खारका) वाटले जातात. हे सारे काही मिनिटांत उरकते. आकडा माइकवरून सगळ्यांना ऐकू जातो, पण रक्कम आत्ता द्यायची की नंतर, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते.

खरा प्रश्न तिथेच आहे. मेहर दोन प्रकारची असते. तात्काळ किंवा मागताच द्यायची ती मुअज्जल, आणि पुढे ढकललेली, म्हणजे तलाक किंवा मृत्यूनंतर द्यायची, ती मुवज्जल. अरबी लिपीत एकीत ऐन आहे, दुसरीत हमजा. कानाला दोन्ही जवळजवळ एकच वाटतात. म्हणून लोक सरळ ‘नकद’ आणि ‘उधार’ म्हणतात. निकाहनाम्यावर सही करताना नवरीने हा रकाना स्वतः वाचावा, कारण दोघींचे परिणाम फार वेगळे आहेत. नकद मेहर बायको संसार चालू असतानाही मागू शकते. ती मिळेपर्यंत सहवासाला नकार देण्याचा तिचा हक्क अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. महमूद यांनी १८८६ च्या अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा या खटल्यात तपशिलाने मांडला. मात्र सहवास सुरू झाला की हा नकार, बायकोने नांदायला यावे या नवऱ्याच्या दाव्याला, पूर्ण उत्तर ठरत नाही. उधार मेहर तिला संसार मोडल्यावर किंवा संपल्यावरच मिळते.

किती असावी, याला वरची मर्यादा नाही. खालची मर्यादा सुन्नींच्या चार विधिपंथांपैकी हनफी पंथात दहा दिरहम, म्हणजे सुमारे ३०.६ ग्रॅम चांदी. मालिकींमध्ये ती पाव दिनार (सोन्याचे नाणे) आहे, शाफई आणि हंबली पंथांत किमान आकडा नाही. भारतातले बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत, त्यामुळे पुण्यातही दहा दिरहमांचाच हिशेब सांगितला जातो. ‘मेहरे फातिमी’ म्हणजे प्रेषितांची कन्या फातिमा यांच्या नावाने ओळखली जाणारी मेहर. ती ५०० दिरहमांची धरतात, म्हणजे १३१ तोळे ३ मासे चांदी, सुमारे १,५३१ ग्रॅम.

हे जुने आकडे धातूच्या वजनात आहेत. रुपयात लिहिलेल्या मेहरचे काय होते ते एका उदाहरणाने कळेल. ७८६ हा आकडा बिस्मिल्लाहशी जोडलेला, म्हणून तितके रुपये मेहर बांधण्याची रीत अनेक घरांत होती. १९७० च्या सुमारास सोने दहा ग्रॅमला दोनशे रुपयांच्या आत होते, म्हणजे ७८६ रुपयांत साडेतीन तोळ्यांच्या आसपास सोने येई. कमी असले तरी ते बाईच्या उपयोगाचे होते. आज तेवढ्यात गुंजभर सोनेही येत नाही. ‘सिक्का राइजुलवक्त’ म्हणजे चालू चलन. चलन चालू राहते, त्याची किंमत राहत नाही. म्हणून सोन्याच्या तोळ्यांत किंवा चांदीच्या ग्रॅममध्ये मेहर लिहिणे हेच शहाणपणाचे आहे. सोन्या मारुती चौकातल्या सराफाकडून नवरीसाठी दागिने घेतले जातातच. त्यातला कोणता दागिना मेहरचा आणि कोणता नुसता चढवलेला, हे निकाहनाम्यात वजनासकट लिहिले तर पुढचा निम्मा वाद मिटतो. नाहीतर संसार मोडला की ‘ते आमचे होते’ असे म्हणून चढवलेले दागिने परत मागितले जातात.

मेहर माफ करवून घेणे ही दुसरी कीड. लग्नाच्या पहिल्या रात्री नवरा ‘मेहर बख्श दो’ म्हणतो आणि नवी नवरी लाजेने मान हलवते. किंवा मय्यत उठण्याआधी बायका विधवेभोवती बसून ‘माफ कर, त्याच्यावर ओझे नको’ असे तिला सांगतात. आयत म्हणते मनाने सोडली तर, आणि या दोन्ही प्रसंगी मन तिच्या ताब्यात नसते. १९२० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने नुरुन्निसा खटल्यात असेच ठरवले: पतीच्या मृत्यूच्या दुःखात दिलेली माफी ही मुक्त संमती नव्हे. सासरच्या चार बायकांपुढे ‘नाही’ म्हणणे सोपे नाही, पण शरियत आणि कायदा दोन्ही तिच्या बाजूने आहेत, हे तिला कुणीतरी आधीच सांगून ठेवायला हवे.

सुधारणेच्या चळवळीत पुण्याचे स्थान मोठे आहे. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाचा मुख्य लढा तोंडी तलाकशी होता, आणि मेहर त्याच्याशी घट्ट बांधलेली आहे. मेहर भारी असली की तलाकचा शब्द उच्चारण्याआधी नवरा थबकतो, असा तिचा एक उपयोग जुन्या विधिज्ञांनी सांगितला आहे. ७८६ रुपयांवर कोण थबकणार?

२३ एप्रिल १९८५ च्या शाहबानो निकालातही मेहर मध्यवर्ती होती. पोटगी मागणाऱ्या इंदूरच्या शाहबानोंचे लग्न १९३२ चे, तलाक १९७८ चा. पतीने मेहरपोटी ३,००० रुपये न्यायालयात भरले आणि आपली जबाबदारी संपली असे म्हटले. मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ते मान्य केले नाही: मेहर हे तलाकबद्दल दिलेले पैसे नव्हेत, त्यामुळे तिने पोटगीचा हक्क बुडत नाही. १९८६ च्या मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) कायद्याने घटस्फोटितेला मेहरइतकी रक्कम मिळण्याचा हक्क तिसऱ्या कलमात दिला आणि २००१ च्या डॅनियल लतीफी निकालाने त्याच कायद्यातून तिच्या पुढच्या आयुष्याची तरतूद इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर पुनर्विवाहाआधी थांबण्याच्या, काळातच करणे नवऱ्यावर बंधनकारक ठरवले.

नवरा वारला तर न दिलेली मेहर हे त्याच्यावरचे कर्ज. वाटणीआधी ते फेडायचे. मुले असतील तर विधवेचा वारसा एक अष्टमांश, आणि मेहर त्याहून वेगळी. वारसा दिला म्हणजे मेहर आली, हे खरे नाही. तिच्या ताब्यात नवऱ्याची मालमत्ता शांततेने आली असेल, तर मेहर फिटेपर्यंत ती ताबा ठेवू शकते. ब्रिटिश काळातले शेवटचे अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने हे १९१६ मध्ये मान्य केले. दाव्याची मुदत मात्र तीन वर्षांची आहे: नकद मेहरसाठी मागणी नाकारल्यापासून, उधारसाठी तलाक किंवा मृत्यूपासून.

मेहर ठरवलीच नसेल तरी निकाह वैध असतो आणि हक्कही शाबूत राहतो. अशा वेळी ‘मेहरे मिस्ल’, म्हणजे तिच्यासारखीला साजेशी मेहर ठरते. त्यासाठी नवऱ्याच्या मिळकतीआधी पाहतात ते तिच्या वडिलांच्या घरातल्या बायकांना काय मिळाले होते ते. म्हणून अशा दाव्यात बहिणीच्या निकाहनाम्याला आणि म्हाताऱ्या फुफूच्या (आत्याच्या) आठवणीला पुराव्याचे मोल येते.